पाटाशेजारचं झाड: कागदाच्या लाकडासाठी निलगिरी निवडायची, पारखायची आणि वाढवायची कशी

बडोदा जिल्ह्यातल्या सावली तालुक्यात, मही नदीच्या बाजूला, आमच्या मामांची जमीन आहे. तालुक्याचं नाव सावली, पण मे महिन्यात तिथे माणूस सावली शोधत फिरतो. मामांनी पंचवीसेक वर्षांपूर्वी तिथे बियाण्याची निलगिरी लावली. त्यात एक झाड असं निघालं की बघणाऱ्याची मान आपोआप मागे जायची. सरळसोट, शेजाऱ्यांपेक्षा चार-पाच मीटर उंच, बुंध्याचा घेर त्यांच्या दीडपट. मी नुकताच वनस्पतिशास्त्र शिकून बाहेर पडलो होतो, अंगात उत्साह मावत नव्हता. ते झाड तोडलं, फुटव्यांची दोनशे रोपं केली, दुसऱ्या तुकड्यात लावली आणि तीन वर्षं वाट पाहिली. तिसऱ्या वर्षी टेप घेऊन घेर मोजले, तर माझी रोपं शेजारच्या साध्या बियाण्याच्या झाडांच्या बरोबरीची. तसूभरही पुढे नाहीत.

मामा काही बोलले नाहीत. वाट्यानं जमीन कसणारा भागिया बोलला: "ए झाड तो धोरियानी पासे हतुं ने, भाई." ते झाड पाटाच्या कडेला होतं. विहिरीचं पाणी आणि कपाशीला टाकलेला युरिया, दोन्हीचा वाटा आधी त्याला मिळत होता. मी समजत होतो झाड निवडलं. निवडला होता पाट.

या लेखातल्या बहुतेक पायऱ्या त्या चुकीतून आल्या आहेत. झाडाच्या वाढीत जमिनीचा हात किती आणि रक्ताचा किती, हे वेगळं काढणं म्हणजेच वृक्षसुधारणा. त्याला प्रयोगशाळा लागते असं नाही. टेप, वही, चिठ्ठ्या आणि चार-पाच वर्षांचा धीर लागतो. बडोद्याच्या दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या माझ्या ओळखीच्या बऱ्याच घरांची जमीन वाघोडिया, सावली, डभोई, पादऱ्याकडे भागियाच्या हाती आहे. "निलगिरी लावून टाकू का?" हा प्रश्न मला वर्षातून दहा वेळा तरी येतो. त्याचं सविस्तर उत्तर हे.

थोडी पार्श्वभूमी, कारण तिच्याशिवाय गणित कळत नाही. १९८८ च्या राष्ट्रीय वन धोरणानं कागद कारखान्यांना सांगितलं की लाकूड शक्यतो शेतकऱ्यांशी थेट संबंध ठेवून मिळवा, जंगलावर अवलंबून राहू नका. पुढच्याच वर्षी, १९८९ मध्ये, भद्राचलमच्या कागद कारखान्यानं निलगिरीच्या निवडक झाडांचे क्लोन, म्हणजे कलमांतून त्यांच्याच रक्ताची रोपं, करायला सुरुवात केली. त्याआधी ब्राझीलमध्ये अराक्रूझ या लगदा कंपनीच्या लोकांनी निलगिरीची छाटकलमं मोठ्या प्रमाणावर मुळवता येतात हे दाखवून दिलं होतं आणि त्यासाठी त्यांना १९८४ चं मार्कस वॉलेनबर्ग पारितोषिक मिळालं. कोइमतूरची वन आनुवंशिकी आणि वृक्ष प्रजनन संस्था निलगिरी आणि सुरूच्या झाडावर हेच काम करते. आपल्याकडचं लाकूड घेणारा मोठा कारखाना तापी जिल्ह्यात, सोनगडला. पिलाजीराव गायकवाडांचं ठाणं तेच हे सोनगड, त्यामुळे बडोदेकराला नाव नवं नाही. पण बडोद्याहून ते दोनशेच्या वर किलोमीटर पडतं. ट्रकभाडं आधी विचारा, मग रोपं.

कारखान्याला नक्की काय हवं असतं

कागद लाकडातल्या तंतूंपासून होतो. लाकडाचे तुकडे कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइडच्या द्रावणात दाबाखाली शिजवतात. तंतूंना चिकटवून ठेवणारं लिग्निन विरघळतं, तंतू सुटे होतात. निलगिरीच्या शंभर किलो कोरड्या लाकडातून साधारण ४५ ते ५० किलो लगदा येतो. लिग्निन जास्त असेल तर रसायन जास्त आणि लगदा कमी.

आता दोन झाडं समोरासमोर धरा. पहिल्याचं आकारमान ०.१११ घनमीटर, लाकडाची घनता ४५० किलो प्रति घनमीटर, लगद्याचा उतारा ४६ टक्के: लगदा २३ किलो. दुसरं जरा ठेंगणं, ०.१०० घनमीटर, पण घनता ५४० आणि उतारा ४९ टक्के: लगदा साडेसव्वीस किलो. ठेंगणं झाड कारखान्याला पंधरा टक्के जास्त देतं.

मग शेतकऱ्याला? इथे मेख आहे, आणि ती कुणी उघड सांगत नाही. लाकूड सहसा ओल्या वजनावर विकलं जातं. हलक्या लाकडाच्या पोकळ्यांत पाणी जास्त मावतं, म्हणून ताज्या तोडीत हलक्या आणि जड लाकडाच्या एका घनमीटरचं वजन जवळपास सारखंच भरतं. वरच्या उदाहरणात शेतकऱ्याला पहिलं झाडच परवडतं. त्यामुळे कराराच्या वेळी विचारा: भाव ओल्या टनावर आहे की कोरड्या? साल सोलून घेणार की सालीसकट? भाव ओल्यावर असेल तर घनतेसाठी वाढीचा बळी देऊ नका. मात्र ४५० च्या खालचं लाकूडही नको. कारखाना उद्या नाकं मुरडायला लागला तर तुमच्याकडे पाच वर्षांचं पीक उभं असेल.

आधी खड्डा, मग रोप

बडोद्याच्या उत्तरेला आणि महीकडे गोराडू जमीन: वाळूमिश्रित पोयटा, पाणी पटकन खाली जातं, मुळं सहज उतरतात. दक्षिणेला डभोई, करजणकडे काळी. निलगिरीला गोराडू आवडते. भारी काळ्या जमिनीत पावसाळ्यात पाणी साचतं, उन्हाळ्यात भेगा पडून मुळं तुटतात, आणि चुनखडी जास्त असेल तर पानं पिवळी पडतात.

शेतात तीन ठिकाणी मीटरभर खोल खड्डा खणा. खालच्या मातीवर लिंबू पिळा किंवा सौम्य आम्लाचे थेंब टाका. जोरात फसफसलं तर चुना भरपूर आहे. मातीचा सामू (पीएच) ८.५ च्या वर असेल तर निलगिरीचा नाद सोडा. खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतून दुसऱ्या दिवशी बघा; पाणी तसंच असेल तर लागवड वरंब्यावर करावी लागेल. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा शहरातल्या मगरींचे फोटो सगळ्यांनी पाहिले, पण शेतांतही पाणी दिवसच्या दिवस उभं होतं. माझ्या डभोईकडच्या चाचणीतली सपाट वाफ्यातली सहा महिन्यांची रोपं निम्म्याहून जास्त गेली, वरंब्यावरची बहुतेक वाचली.

चुनखडीच्या, पण निचऱ्याच्या जमिनीत सुबाभूळ बरी. वाळूसर जमिनीत सुरूचं झाड. मलबार नीमचं सध्या फार कौतुक चाललंय. पाणी असेल तर वाढतोही झपाट्यानं, पण तो प्लायवूडच्या भावात विकला गेला तरच मजा. पुढचं सगळं निलगिरी धरून लिहितो; निवडीची पद्धत कुठल्याही झाडाला लागू पडते.

मातृवृक्ष कसा शोधायचा

तीन ते पाच वर्षांची, एकाच वेळी लावलेली, बियाण्यापासून वाढलेली लागवड शोधा. क्लोनच्या लागवडीत शोधण्यात अर्थ नाही. तिथे सगळी झाडं एकाच रक्ताची, फरक दिसला तर तो जमिनीचा. आणि क्लोनच्या लागवडीखालचं बी गोळा करून रोपं तर मुळीच करू नका. फुकट मिळतं म्हणून लोक करतात. त्यात भावाबहिणींचा, कधी स्वतःचा स्वतःशीच संकर झालेला असतो. रोपं खुरटी आणि एकसारखी नसलेली निघतात.

कडेच्या दोन ओळी, पाटाजवळचं, उकिरड्याजवळचं, शेजारचं झाड मेल्यामुळे मोकळी जागा मिळालेलं, ही सगळी झाडं आधीच बाद करा. उरलेल्यांत उमेदवार झाड दिसलं की त्याच्या भोवतीची पाच चांगली झाडं मोजा. छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून १.३७ मीटरवर, घेर घ्यायचा. उमेदवाराचा घेर त्या पाचांच्या सरासरीपेक्षा निदान वीस टक्के जास्त हवा, खोड सरळ हवं, फांद्या बारीक आणि आपोआप गळणाऱ्या, पानांवर गाठी नकोत. एका लागवडीतून दोन-तीनच घ्या आणि वेगवेगळ्या गावांतून तीस-चाळीस जमवा. जवळजवळची झाडं एकाच आईची असण्याचा संभव असतो.

इतकं जपून निवडलं तरी अपेक्षा बेताच्या ठेवा. समजा लागवडीची सरासरी ४२ सेंटिमीटर घेराची आणि तुमच्या निवडलेल्या झाडांची ५२. फरक दहाचा. घेरासारख्या गुणाची आनुवंशिकता, म्हणजे फरकातला रक्ताचा वाटा, निलगिरीत बऱ्याचदा ०.१ ते ०.३ च्या मधे येते. ०.२ धरली तर आई आणि बाप दोन्ही निवडलेले असताना पोरांत दोन सेंटिमीटर उतरतात. बाप कोण हे माहीतच नसेल, वाऱ्यावरच्या मधमाशीनं कुठलाही पराग आणला असेल, तर एकच सेंटिमीटर. क्लोनमध्ये रक्त जसंच्या तसं येतं म्हणून जास्त हाती लागतं, पण दहाचे दहा कधीच नाही. लाकडाच्या घनतेचं उलट आहे. तिची आनुवंशिकता वाढीपेक्षा बरीच वरची असते, म्हणून घनतेवर केलेली निवड फारशी फसवत नाही.

घनता स्वयंपाकघरात

पायलोडिन नावाचं यंत्र मिळतं. ते स्प्रिंगच्या जोरावर खोडात सुई मारतं, सुई जितकी आत जाते तितकं लाकूड हलकं. ते महाग आहे. माझी पद्धत अशी. झाड तोडल्यावर छातीच्या उंचीवरची दोन बोटं जाडीची चकती कापतो, साल काढतो, आणि गाभ्यापासून कडेपर्यंत येईल अशी पाचर काढतो, पोळीच्या चतकोरासारखी. ती रात्रभर पाण्यात बुडवून ठेवतो. तरंगत असेल तर वर वाटी ठेवतो.

सकाळी ग्रॅमचा दहावा भाग दाखवणाऱ्या काट्यावर पाण्याचं पातेलं ठेवून आकडा शून्यावर आणायचा. पाचरीत स्वेटर विणायची सुई टोचायची आणि पाचर पाण्याखाली धरायची. तळाला नको, कडेला नको, फक्त पाण्याखाली. काट्यावर जितके ग्रॅम दिसतील तितके घनसेंटिमीटर पाचरीचं आकारमान. परवाच्या एका पाचरीला ३८.४ आले. मग ती ओव्हनमध्ये १०३ अंशाच्या आसपास, वजन उतरायचं थांबेपर्यंत. दोन वेळा एकच आकडा आला की झालं. त्या पाचरीचं कोरडं वजन २०.१ ग्रॅम. भागाकार ०.५२३, म्हणजे ५२३ किलो प्रति घनमीटर. उत्तम झाड. ओव्हन दीड दिवस अडकला आणि घरभर ओल्या लाकडाचा आंबूस वास सुटला, तेव्हापासून आईनं मला वेगळा छोटा ओव्हन आणून दिलाय. त्यावर तिच्या अक्षरात "केकचा नाही" अशी पट्टी आहे.

फुटवा, कलम, रोप

मोठ्या झाडाच्या फांदीला मुळं फुटत नाहीत. झाड वयात आलं की ती ताकद जाते. झाड जमिनीपासून दहा-बारा सेंटिमीटरवर तोडलं की बुंध्यातून कोवळे फुटवे येतात आणि त्यांच्यात ती ताकद परत आलेली असते. म्हणून मातृवृक्ष तोडावाच लागतो. मालकाला हे आधी सांगा, आणि लाकडाचे पैसे द्या. "झाड एटले झाड, लई जाव ने," असं म्हणणारा उदार मालक तोडीच्या दिवशी हमखास गावाला गेलेला असतो.

तोड फेब्रुवारीत केली तर चाळीस ते साठ दिवसांत फुटवे कलमाच्या जाडीचे होतात. सकाळी ऊन चढायच्या आत कापा आणि लगेच पाण्याच्या बादलीत उभे करा. सावलीत बसून पानांची एक जोडी राहील असं एकेक पेर कापायचं. वरचा काप पानाच्या लगेच वर सरळ, खालचा दोनेक इंचांवर तिरका. दोन्ही पानं अर्धी छाटायची, नाहीतर ती पाणी उडवतात आणि कलम मुळं फुटायच्या आत सुकतं. बुरशीनाशकाच्या पाण्यात दहा मिनिटं बुडवून, बुडखा आयबीएच्या (मुळं फुटवणाऱ्या संप्रेरकाच्या) पावडरीत टेकवून, रूट ट्रेनरमधल्या (रोपांच्या कप्प्यांच्या ट्रेमधल्या) ओल्या व्हर्मिक्युलाइटमध्ये, म्हणजे हलक्या सच्छिद्र खनिजाच्या भुग्यात, खोचायचं. खोचायच्या आधी काडीनं भोक पाडा, नाहीतर पावडर वरच पुसली जाते.

पावडर ४००० पीपीएमची, म्हणजे एक किलो शंखजिऱ्याला चार ग्रॅम आयबीए. आयबीए पाण्यात नीट विरघळत नाही, अल्कोहोल लागतं. आता आपण राहतो गुजरातेत! पहिल्यांदा रसायनाच्या दुकानात मी अर्धा लिटर मागितलं तेव्हा दुकानदारानं माझ्याकडे असं पाहिलं की मीच ओशाळलो. अॅसिटोन चालतं, त्यात विरघळवून शंखजिऱ्यात कालवायचं आणि उडून जाऊ द्यायचं, खिडक्या उघड्या ठेवून आणि शेगडीपासून लांब. तयार पावडरही मिळते. थोडंच काम असेल तर तीच घ्या.

मिस्ट चेंबरमध्ये, म्हणजे पाण्याचा बारीक फवारा मारणाऱ्या बंदिस्त खोलीत, हवा ऐंशी-नव्वद टक्के दमट हवी. चार आठवड्यांत मुळं येतात, मग दोन आठवडे शेडनेट, मग उघड्यावर. पिशवीतलं रोप घेऊ नका, मुळं तळाला गोल फिरतात आणि ते झाड पुढे वाऱ्यात पडतं. बडोद्याच्या मे महिन्यात हे काम शक्यतो टाळा. तापमान ४२ च्या वर आणि दुपारी दोन तास वीज गेली, तर संध्याकाळी ट्रेमध्ये चहाची पत्ती मिळते.

क्लोनगणिक मुळं फुटण्यात प्रचंड फरक असतो. चाळीस झाडांपैकी पंधराएक सरळ नाहीच म्हणतील. ती कितीही देखणी असली तरी सोडून द्या. ज्याची शंभरातली तीसच कलमं जगतात त्याचं रोप कुणालाच परवडत नाही.

चाचणी: २७ गुंठे आणि बारा चिठ्ठ्या

इथे बहुतेक जण कंटाळतात आणि थेट पाच एकर लावतात. तसं करू नका.

बारा नोंदी घ्या: दहा तुमचे क्लोन, एक बाजारातला नावाजलेला क्लोन, उदाहरणार्थ ४१३ क्रमांकाचा, आणि एक साध्या बियाण्याची रोपं. शेवटच्या दोन नसतील तर तुमचे क्लोन कशापेक्षा चांगले, हे कधीच कळणार नाही. प्रत्येक नोंदीची २४ रोपं लागतात, पण मरतूक धरून चाळीस तयार करा.

अंतर तीन बाय दोन मीटर. शेतात सहा गट आखा. एका गटात बारा ओळी, प्रत्येक ओळीत चार रोपं, ओळ एका नोंदीची. कुठल्या ओळीत कोण, हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं, आणि प्रत्येक गटासाठी चिठ्ठ्या नव्यानं. "याला जरा बरी जागा देऊ" हा मोह झाला की माझा पाट आठवा. उतार असेल, विहीर एका टोकाला असेल, तर गट असे पाडा की एका गटाच्या आत जमीन सारखी राहील. गटागटांत फरक असला तर चालतो, तेवढ्यासाठीच तर गट पाडायचे. चारी बाजूंनी दोन-दोन ओळी राखणीच्या, त्या मोजायच्या नाहीत. सगळी मिळून ४४८ झाडं आणि सुमारे २७ गुंठे जागा.

लागवड पहिला चांगला पाऊस झाला की, जूनअखेर ते जुलै. गोराडूत वाळवीचा त्रास पहिल्याच वर्षी होतो. खड्ड्यात क्लोरपायरिफॉसचं द्रावण ओता, आणि औषध हाताळताना हातमोजे घाला, भागियालाही द्या. पहिली दोन वर्षं तण काढणं सगळ्यात महत्त्वाचं. खत सगळ्या झाडांना एकसारखं, मोजून.

लोखंडी पाट्या चोरीला जातात, अॅल्युमिनियमच्या तर हमखास. नकाशा वहीत, मोबाइलमध्ये आणि घरी तिसऱ्या प्रतीत ठेवा. माझ्या एका चाचणीचा नकाशा पावसात भिजला आणि दोनशे अठ्ठ्याऐंशी निनावी झाडं उरली. लाकूड विकलं, माहिती गेली.

आकडे वाचणं

तीन महिन्यांनी आणि वर्षानं किती जगली ते मोजा. पहिल्या वर्षाच्या उंचीवर भाळू नका. पळत सुटलेला क्लोन तिसऱ्या वर्षी दमलेला मी बऱ्याचदा पाहिलाय. दुसऱ्या वर्षापासून दर डिसेंबरात घेर. अडीच-तीन वर्षांची मोजणी, म्हणजे तोडीच्या वयाच्या निम्म्यापलीकडची, निवडीला पुरेशी धरता येते.

आकारमान काढायला घेरावरून व्यास काढा, म्हणजे घेराला ३.१४ नं भागा. ४४ सेंटिमीटर घेर म्हणजे १४ सेंटिमीटर व्यास. बुंध्याचा छेद ०.०१५४ चौरस मीटर, गुणिले उंची १६ मीटर, गुणिले ०.४५ कारण खोड वर निमुळतं होत जातं: ०.१११ घनमीटर. मेलेल्या झाडाचं आकारमान शून्य धरून ओळीच्या चारही झाडांची सरासरी घ्या. जगलेल्यांचीच घेतली तर निम्मा मेलेला क्लोन पहिला येईल.

मग प्रत्येक गटाची सरासरी काढा आणि त्या गटातल्या प्रत्येक नोंदीतून ती वजा करा. अशानं चांगल्या-वाईट जमिनीचा वाटा बराचसा गळून पडतो. आता एका क्लोनचे सहा गटांतले फरक बघा. सहापैकी निदान पाच गटांत अधिक आला तर त्याच्यावर भरवसा ठेवा. एका गटात भरमसाट अधिक आणि बाकी पाचांत रडतखडत, तर त्या एका जागी जमिनीत काहीतरी पुरलेलं आहे. आनंद इथल्या कृषी विद्यापीठाच्या किंवा महाविद्यालयातल्या संख्याशास्त्राच्या माणसाला आकडे दिलेत तर तो पृथक्करण करून देईल, पण हा पाच गटांचा नियम मला अजून दगा देऊन गेलेला नाही.

शक्य असेल तर हीच चाचणी दोन ठिकाणी करा. माझा एक क्लोन सावलीच्या गोराडूत पहिला आला आणि डभोईच्या काळ्या जमिनीत आठवा. एकाच चाचणीवर थांबलो असतो तर तो डभोईत दहा एकर लावला असता.

एकाच क्लोनवर सगळं नको

आता सगळ्यात चांगला क्लोन सापडला, तर सगळीकडे तोच का लावू नये? गाठमाशीमुळे. लेप्टोसायबे इन्व्हेसा नावाची ही अगदी बारीक गांधीलमाशीसारखी कीड या शतकाच्या सुरुवातीला भारतात आली. कोवळ्या पानाच्या मधल्या शिरेवर आणि देठावर मुगाएवढ्या गाठी येतात, आधी हिरव्या, मग गुलाबी, मग तपकिरी आणि भोकं पडलेल्या. शेंडा आखडतो आणि वाढ थांबते. काही क्लोन तिच्यापुढे आडवे झाले, काही शेजारीच निवांत उभे राहिले. तिच्यावरचा परजीवी कीटक, क्वाड्रास्टिकस मेंडेली, पुढे उपयोगी पडला, पण पहिली काही वर्षं ज्यांच्याकडे एकच क्लोन होता ते बसले. सुबाभळीवर १९८८ मध्ये सायलिड कीड आली तेव्हाही हेच झालं होतं.

चाचणीतले पहिले पाच-सहा क्लोन घ्या, प्रत्येकाचा वेगळा तुकडा करा, आणि कुठलाही एक क्लोन एकूण क्षेत्राच्या तिसऱ्या हिश्श्यापुढे जाऊ देऊ नका. ओळीआड मिसळू नका. जोरदार क्लोन दुबळ्याला दाबतो आणि तोडणीच्या वेळी काहीच समजत नाही. हरलेल्या क्लोनची दोन-दोन झाडं बांधाला ठेवा. उद्या नवी कीड आली तर कोण कामाला येईल हे आज कुणी सांगू शकत नाही.

विकत रोपं घेत असाल तर क्लोनचं नाव पावतीवर लिहून घ्या. २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण कायद्याखाली झाडांच्या नोंदलेल्या वाणांना १८ वर्षं संरक्षण मिळतं. अशा वाणाच्या नावानं स्वतः रोपं विकायची तर हक्कधारकाची परवानगी लागते. तसंच लागवड झाल्याझाल्या सात-बारात निलगिरीची नोंद करून घ्या आणि तोड-वाहतुकीचे नियम वन खात्याच्या तालुका कार्यालयात आधीच विचारा. ट्रक भरल्यावर विचारायचे नसतात.

पाणी, पाचोळा, दुसरी तोड

निलगिरी पाणी पिते की नाही यावर बडोद्याच्या ओट्यांवर रात्री जागतात. पिते. झपाट्यानं वाढणारं कुठलंही झाड पितं. आपल्याकडे वर्षाचा पाऊस आठशे-नऊशे मिलिमीटरचा, तोही चार महिन्यांत, तेव्हा विहिरीच्या आणि नाल्याच्या काठाला लावू नका, तीन बाय दोनपेक्षा दाट तर कधीच नाही. महीच्या कोतरांत, म्हणजे नदीकाठच्या घळींत, माती धरून ठेवायची असेल तर नुसती निलगिरी उपयोगाची नाही, खाली गवत आणि बांबू हवा. वासदच्या मृद व जलसंधारण केंद्रात कोतरांवरचं काम बघून या, बडोद्याहून तासाभराचा रस्ता.

चार-पाच वर्षांनी तोड येते. साल शेतातच सोला आणि तिथेच पसरा. निलगिरीच्या सालीत कॅल्शियम भरपूर असतं. साल ट्रकमधून गेली की दर तोडीला जमिनीतून तेवढं कमी होतं. पाचोळा पेटवू नका. मजूर पेटवतात, कारण साप-विंचू निघत नाहीत. त्यांना गमबूट द्या.

तोड हिवाळ्यात, धारदार करवतीनं, जमिनीपासून दहा-बारा सेंटिमीटरवर, काप जरासा तिरका म्हणजे पाणी साचत नाही. कुऱ्हाडीनं साल फाटली की तिथून फुटवा येत नाही. भर उन्हाळ्यात तोडलं की बुंधा वाळून जातो. फुटवे हात-दोन हात झाले की घाई न करता थांबा. आठेक महिन्यांनी दोन जोमदार ठेवा, एक वाऱ्याच्या बाजूला असा, आणि बाकीचे काढा. काढलेल्या फुटव्यांची कलमं होतात, तेव्हा त्या दिवशी बादली, बुरशीनाशक आणि ट्रे तयार ठेवा. मामांच्या शेतात यंदा दुसऱ्या तोडीचे फुटवे आलेत. पाटाच्या कडेचा तो जुना बुंधाही फुटलाय, सगळ्यांत जोरदार. भागियानं त्याला चुन्याचा पट्टा मारून ठेवलाय, मी चुकून परत त्याची कलमं घेऊ नयेत म्हणून.